उतारा कमी का पडतो? रासायनिक अभिक्रियेत अपेक्षेपेक्षा कमी मिळणाऱ्या उत्पादाचा हिशेब

चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या आपल्या ऊसपट्ट्यातील माणसाला 'उतारा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो ऊस गाळल्यावर दहा-अकरा किलो साखर हाती आली, तर उतारा दहा-अकरा टक्के. तोड झालेला ऊस दोन-तीन दिवस फडातच पडून राहिला की उतारा घटतो, हेही बांधावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्याला आपण 'यील्ड' म्हणतो ते दुसरे काही नसून हा उताराच आहे. फरक एवढाच की, कारखान्याचा उतारा कच्च्या मालाच्या वजनावर काढतात, तर प्रयोगशाळेतील उतारा समीकरणाने सांगितलेल्या कमाल उत्पादाच्या वजनावर काढतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकून पी.यू.सी.ला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीतून विज्ञान घेणाऱ्या मुलांना हा शब्द दिला की निम्मे काम होते, असा माझा अनुभव असल्याने या लेखातही तोच वापरतो.

बेळगावातील एका महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेताना दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. गेल्या वर्षी खानापूरच्या एका मुलीने तो फार नेमका विचारला. अ‍ॅस्पिरिन तयार करण्याचा प्रयोग होता, पदार्थ वाळवून तराजूवर ठेवला होता, आणि ती म्हणाली, "सर, सगळं मिळून सात ग्रॅमच्या वर घातलं की ओ, मग हे दोनसुद्धा कसं भरंना? बाकीचं गेलं कुठं?" तिच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न होते. मुळात किती मिळायला हवे होते, हा पहिला. आणि त्यापैकी जे मिळाले नाही ते कोठे आहे, हा दुसरा. द्रव्य नाहीसे होत नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असतेच, आणि ते बहुतेक वेळा टेबलावरच कोठेतरी सापडते. मात्र पहिला प्रश्न नीट सोडवल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये, कारण 'उतारा कमी पडला' अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींत अभिक्रियेचा काही दोष नसतो. भाकीतच फुगलेले असते.

पहिली पायरी : भाकीत पुन्हा मांडा

अ‍ॅस्पिरिनचाच हिशेब घेऊ. प्रयोगात 2.0 ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल आणि 5 मिलिलिटर अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड घेतले जाते. अ‍ॅनहायड्राइडची घनता 1.08 असल्याने त्याचे वजन 5.4 ग्रॅम होते. बेरीज 7.4 ग्रॅम. आता ग्रॅम बाजूला ठेवून मोल पाहा. मोल म्हणजे रेणूंच्या ठराविक संख्येचा गठ्ठा, आणि अशा एका गठ्ठ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे मोलर वस्तुमान. सॅलिसिलिक आम्लाचे मोलर वस्तुमान 138.1 आहे, म्हणून 2.0 ग्रॅम म्हणजे 0.0145 मोल. अ‍ॅनहायड्राइडचे 102.1 आहे, म्हणून 5.4 ग्रॅम म्हणजे 0.0529 मोल. समीकरणात दोघांचे प्रमाण एकास एक आहे. अर्थात आम्ल आधी संपणार आणि अ‍ॅनहायड्राइड जवळपास पाऊण हिस्सा तसेच उरणार. जो पदार्थ आधी संपतो, म्हणजे ज्याला वर्गात आपण लिमिटिंग रिएजंट म्हणतो, त्याच्यावरच उतारा काढायचा असतो. अ‍ॅस्पिरिनचे मोलर वस्तुमान 180.2, त्याला 0.0145 ने गुणल्यास 2.61 ग्रॅम येते. यापेक्षा जास्त अ‍ॅस्पिरिन या मिश्रणातून देवालाही काढता येणार नाही.

उरलेले 4.79 ग्रॅम कोठे गेले? 3.92 ग्रॅम न वापरलेले अ‍ॅनहायड्राइड आणि 0.87 ग्रॅम सहउत्पाद म्हणून तयार झालेले अ‍ॅसेटिक आम्ल. 2.61, 3.92 आणि 0.87 यांची बेरीज करून पाहा, 7.40 येते. पुढे आपण पाणी ओतले की न वापरलेल्या अ‍ॅनहायड्राइडचेही अ‍ॅसेटिक आम्लच होते, आणि म्हणून सगळ्या प्रयोगशाळेत व्हिनेगरचा वास दरवळतो. त्या मुलीच्या 'बाकीचं' मधील मोठा भाग त्या वासात होता. तो तोटा नव्हताच.

मोलची आकडेमोड बरोबर असूनही भाकीत चुकण्याची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे स्फटिकजल. मोरचूद आपल्याकडे द्राक्षबागायतदारांच्या घरीही सापडते, कारण चुन्यासोबत त्याचे बोर्डो मिश्रण करून वेलींवर फवारतात. ती निळी स्फटिके म्हणजे नुसते कॉपर सल्फेट नव्हे. प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. मोलर वस्तुमान 249.7 धरायचे, 159.6 नव्हे. समजा 5.00 ग्रॅम मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात लोखंडाचे खिळे टाकून तांबे काढले आणि कोरडे तांबे 1.20 ग्रॅम भरले. योग्य वस्तुमान घेतल्यास मोरचूद 0.0200 मोल, अपेक्षित तांबे 1.27 ग्रॅम आणि उतारा 94 टक्के. स्फटिकजल विसरल्यास अपेक्षित तांबे 1.99 ग्रॅम आणि उतारा 60 टक्के. तांबे तेच, वजन तेच, पण एक विद्यार्थी शाबासकी घेतो आणि दुसरा आपले कोठे चुकले ते शोधत बसतो. म्हणून बाटलीवरचे सूत्र संपूर्ण वाचावे, ठिपक्यानंतरचे पाणीसुद्धा.

दुसरी पायरी : घेतलेला माल खरोखर तेवढा होता का

तराजूने दोन ग्रॅम दाखवले म्हणजे बाटलीवर लिहिलेला पदार्थ दोन ग्रॅम आला असे होत नाही. चुनखडीचे उदाहरण घ्या. शंभर किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजल्यास 56 किलो कळीचा चुना मिळतो, बाकीचे 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. पण दगडात कार्बोनेट 85 टक्केच असेल आणि उरलेली वाळू-माती असेल, तर चुना 47.6 किलोच तयार होईल. भट्टीचा दोष शून्य असला तरी.

आपल्या भागात या पायरीला पावसाळ्याची जोड असते. खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून बेळगाव शहरापर्यंत जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, गोळ्या वजन करता करता चकाकू लागतात. त्या हवेतील पाणी ओढतात आणि कार्बन डायऑक्साइडही. चार ग्रॅम म्हणून घेतलेल्या गोळ्यांत कॉस्टिक साडेतीन ग्रॅमच असेल, तर पुढचे सगळे गणित तेवढ्याने खाली येते. अ‍ॅनहायड्राइडची अर्धी रिकामी बाटली दोन पावसाळे कपाटात राहिली असेल, तर तिच्यातील बराच भाग अ‍ॅसेटिक आम्ल झालेला असतो. शंका असलेली बाटली प्रयोगाला वापरू नये, आणि वापरावीच लागली तर आधी प्रमाणित द्रावणाशी अनुमापन करून, म्हणजे ताकद माहीत असलेले द्रावण किती लागते ते मोजून, तिची खरी ताकद मोजावी. वहीत वजनासोबत बाटलीवरील शुद्धतेची टक्केवारीही लिहावी. 97 टक्के शुद्धतेच्या मालावर 100 टक्क्यांचे भाकीत करू नये.

तिसरी पायरी : अभिक्रिया शेवटपर्यंत गेली का

येथे तीन वेगळी कारणे एकमेकांत मिसळतात, आणि ती वेगळी ओळखता येणे हेच या विषयातील खरे कौशल्य आहे, असे मला वाटते.

पहिले कारण साधे आहे : वेळ पुरला नाही किंवा तापमान कमी पडले. ओळखण्याची रीत अशी की, मिश्रणाचे दोन सारखे भाग करावेत आणि एकाला दुप्पट वेळ द्यावा. दुप्पट वेळेत उतारा वाढला तर दोष वेळेचा. जाता जाता सांगतो, बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी शंभर अंशांना नव्हे, साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना उकळते. 'उकळत्या पाण्यात 10 मिनिटे' असे पुस्तकात लिहिलेले असेल, तर येथे एक-दोन मिनिटे जास्त द्यायला हरकत नाही.

दुसरे कारण म्हणजे अभिक्रिया स्वतःच स्वतःची वाट अडवते. संगमरवराच्या खड्यांवर विरल सल्फ्युरिक आम्ल ओतले की फेस येतो आणि थोड्याच वेळात थांबतो, कारण तयार झालेल्या कॅल्शियम सल्फेटचा थर खड्यावर बसतो आणि आत आम्ल पोहोचत नाही. आम्लही शिल्लक, संगमरवरही शिल्लक, आणि वायू मात्र अर्धाच. येथे वेळ दुप्पट करून उपयोग नसतो. खडा कुटून पूड करावी, ढवळत राहावे, किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावे, ज्याचे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून जाते. खिळ्यांवर तांबे बसते तेव्हाही हेच घडते. म्हणून खिळे अधूनमधून हलवून तांबे झाडावे लागते.

तिसरे कारण समतोल, आणि ते अधिक सावकाश समजून घेण्यासारखे आहे. अ‍ॅसेटिक आम्ल आणि इथाइल अल्कोहोल यांपासून इथाइल अ‍ॅसिटेट आणि पाणी होते. मार्सेलीं बर्थेलो आणि पेआं द सें-जील या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1862 च्या सुमारास याच जातीच्या अभिक्रियांची मोजमापे केली, तेव्हा असे दिसले की मिश्रण कितीही काळ ठेवले तरी अभिक्रिया एका ठराविक टप्प्यावर येऊन थांबते. खरे तर ती थांबत नाही. जितका इस्टर, म्हणजे येथे इथाइल अ‍ॅसिटेट, तयार होतो तितकाच पाण्याशी संयोग पावून परत फुटत असतो. या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक, म्हणजे समतोलात उत्पादांच्या प्रमाणांचा गुणाकार भागिले मूळ घटकांच्या प्रमाणांचा गुणाकार, सुमारे 4 आहे. एक मोल आम्लाला एक मोल अल्कोहोल घेतले, तर गणिताने दोन-तृतीयांश आम्लच बदलते. म्हणजे 60 ग्रॅम आम्ल आणि 46 ग्रॅम अल्कोहोल यांपासून समीकरण 88 ग्रॅम इस्टर सांगते, पण समतोल 59 ग्रॅमच्या आसपास अडतो. हात कितीही सफाईदार असो, भांडे कितीही स्वच्छ असो, 67 टक्क्यांच्या वर उतारा या रीतीने जाणार नाही.

यावर उपाय दोन. एकतर स्वस्त असलेला घटक जास्त घ्यावा : अल्कोहोल एकाऐवजी तीन मोल घेतल्यास तोच स्थिरांक 90 टक्के आम्ल बदलू देतो. किंवा तयार होणारा एखादा पदार्थ सतत बाहेर काढत राहावे. पाणी वेगळे साठवणारी डीन-स्टार्क नळी याच कामाची असते. अभिक्रियेचा वेग वाढवण्यासाठी उत्प्रेरक म्हणून घातलेल्या सल्फ्युरिक आम्लाचे थेंब वाढवून मात्र उतारा वाढवता येतो अशी समजूत चुकीची आहे. उत्प्रेरकाने समतोल लवकर येतो, पण येतो त्याच जागी. ओळखण्याची रीत पुन्हा वेळेचीच : दुप्पट वेळ देऊनही उतारा जागचा हलला नाही, आणि दोन्ही मूळ घटक मिश्रणात शिल्लक आहेत असे दिसले, तर समतोलाचा संशय घ्यावा. मग शुद्ध इस्टर आणि पाणी उत्प्रेरकासह एकत्र गरम करून पाहावे. त्यातून आम्ल परत तयार झाले तर संशय खरा.

चौथी पायरी : माल दुसऱ्या वाटेने गेला का

मूळ घटक संपलेला आहे, हवे ते उत्पाद मात्र कमी आहे, अशी स्थिती असेल तर उपअभिक्रिया शोधावी. पायरी चौथी असली तरी आपल्या जिल्ह्यात तिचे उदाहरण रोज डोळ्यांसमोर असते. साखर कारखान्यांच्या मळीपासून आसवनीत अल्कोहोल काढतात. ग्लुकोजचे समीकरण पाहिले तर 100 किलो ग्लुकोजपासून 51.1 किलो अल्कोहोल आणि 48.9 किलो कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकातच मोजून दाखवले की अल्कोहोल प्रत्यक्षात 48.4 किलोच्या आसपास, म्हणजे समीकरणाच्या सुमारे 95 टक्केच मिळते, कारण साखरेचा काही भाग ग्लिसरॉल, सक्सिनिक आम्ल आणि खुद्द यीस्टच्या पेशी यांत जातो. यीस्ट हा सजीव कामगार आहे. त्याला वाढायचे असते, आणि त्याची मजुरी तो साखरेतच वळती करून घेतो. हवा जास्त मिळाली की तो अल्कोहोल करण्यापेक्षा स्वतःच वाढतो, आणि जंतुसंसर्ग झाला की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आणखी वाटा मारतात.

फडात पडून राहिलेल्या उसाचेही असेच. साखरेच्या रेणूला पाणी जोडले जाऊन तो ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटतो. गोडी जाणवते, पण ती साखर स्फटिक होऊन खाली बसत नाही, उलट दुसऱ्या साखरेलाही बसू देत नाही. रस आंबट असेल तर हे फुटणे वेगाने होते. गुऱ्हाळात काय किंवा कारखान्यात काय, रसात चुन्याची निवळी घालण्यामागे मळ काढण्याइतकाच हाही हेतू असतो.

बेळगावात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढण्याचे काम अनेक वर्षे चालत आले आहे. त्या बायर प्रक्रियेत कॉस्टिक सोड्याने बॉक्साइटमधील अ‍ॅल्युमिना विरघळवतात, पण दगडातील क्रियाशील सिलिकाही सोड्यात उतरते आणि अ‍ॅल्युमिना व सोडियम यांना सोबत घेऊन अविद्राव्य सिलिकेट होऊन लाल मातीत, म्हणजे उरलेल्या टाकाऊ गाळात, जाऊन बसते. या सिलिकेटमध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचे प्रमाण एकास एक असल्याने प्रत्येक किलो सिलिकामागे सुमारे 0.85 किलो अ‍ॅल्युमिना हातची जाते. बॉक्साइट विकत घेणारा म्हणूनच अ‍ॅल्युमिनाच्या टक्केवारीसोबत सिलिकाचीही टक्केवारी विचारतो.

प्रयोगशाळेत उपअभिक्रिया कमी करण्याचे मार्ग ठरलेले आहेत : तापमान सांगितले त्याहून वर नेऊ नये, तीव्र घटक एकदम न ओतता थेंबाथेंबाने घालावा, आणि पाण्याने बिघडणारा पदार्थ असेल तर भांडे पूर्ण कोरडे असावे. अ‍ॅस्पिरिनच्या प्रयोगात ओल्या शंकुपात्रातील एक मिलिलिटर पाणी जवळपास सगळे अ‍ॅनहायड्राइड खाऊन टाकू शकते. आकडा मांडून पाहा : एक ग्रॅम पाणी म्हणजे 0.0556 मोल, आणि आपल्याकडे अ‍ॅनहायड्राइड 0.0529 मोल.

पाचवी पायरी : हाताळणीत सांडले किती

पदवीच्या प्रयोगशाळेत सर्वांत जास्त उतारा येथेच जातो, आणि त्यातही धुण्यात. अ‍ॅस्पिरिन 25 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 0.3 ग्रॅम विरघळते. आकडा किरकोळ दिसतो. पण आपले सगळे उत्पाद 2.61 ग्रॅम आहे. स्फटिके पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून एखाद्याने नळाच्या कोमट पाण्याने 100 मिलिलिटर धुऊन काढले, तर साडेअकरा टक्के उतारा त्याने स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये ओतला. धुण्याचे पाणी बर्फात ठेवून थंड केलेले असावे, एका वेळी चार-पाच मिलिलिटर घ्यावे, बुखनर नरसाळ्यावर स्फटिकांमधून ते शोषले गेल्यावरच पुढचे घालावे, आणि तीन वेळांच्या वर धुऊ नये.

द्रावकाने निष्कर्षण करतानाही, म्हणजे पाण्यातील पदार्थ दुसऱ्या द्रवात ओढून घेतानाही, थोडे-थोडे अनेक वेळा हाच नियम लागू पडतो. 100 मिलिलिटर पाण्यात असलेला पदार्थ ईथरमध्ये चौपट जास्त विरघळतो असे धरले, तर 50 मिलिलिटर ईथर एकदम वापरल्यास 67 टक्के पदार्थ निघतो. तेच 50 मिलिलिटर 25-25 करून वापरल्यास 75 टक्के, आणि दहा-दहा करून पाच वेळा वापरल्यास 81 टक्के. द्रावक तेवढाच, कष्ट तेवढे जास्त. ईथर असताना जवळपास बर्नर नको, हे सांगायला नको.

पुनर्स्फटिकीकरणात, म्हणजे पदार्थ शुद्ध करण्यासाठी तो विरघळवून पुन्हा स्फटिक करताना, गाळून खाली आलेले द्रावण, ज्याला मदर लिकर म्हणतात, ते लगेच टाकू नये. ते बर्फात ठेवून, गरज असल्यास थोडे आटवून, दुसरा हप्ता काढता येतो. कारखाने हेच करतात : एकदा साखर काढल्यावर उरलेला पाक पुन्हा आटवतात, त्यातून साखर काढतात, मग तिसऱ्यांदा, आणि त्यानंतर जे उरते तीच शेवटची मळी. दुसऱ्या हप्त्यातील माल सहसा कमी शुद्ध असतो, म्हणून त्याचा वितळणांक वेगळा पाहावा आणि पाहिल्याशिवाय पहिल्यात मिसळू नये.

भांड्याला चिकटणाऱ्या मालाचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : तो जवळजवळ ठराविक असतो. शंकुपात्राच्या भिंतीला 0.1 ग्रॅम चिकटले, तर 2.6 ग्रॅमच्या प्रयोगात ते चार टक्के होते आणि 26 ग्रॅमच्या प्रयोगात अर्ध्या टक्क्याहूनही कमी. छोट्या प्रमाणावर उतारा कमी दिसतो यात हाताचा दोष कमी आणि प्रमाणाचा जास्त असतो. अनेक पायऱ्यांच्या संश्लेषणात हे नुकसान गुणाकाराने वाढते. प्रत्येक पायरीला 90 टक्के मिळाले तरी पाच पायऱ्यांनंतर 59 टक्केच हाती उरतात.

सहावी पायरी : कोरी चाचणी

ही पायरी पुस्तकांत क्वचित असते, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी तीच आहे. शुद्ध, कोरडे उत्पाद आधीच थोडे हाताशी असेल, तर त्याचे 2.00 ग्रॅम घ्या आणि अभिक्रिया न करता फक्त पुढची हाताळणी त्याच्यावर करा : विरघळवा, थंड करा, गाळा, धुवा, वाळवा, वजन करा. समजा 1.66 ग्रॅम परत आले. याचा अर्थ तुमच्या हातून आणि तुमच्या पद्धतीतून 17 टक्के माल जातो, अभिक्रिया कितीही चांगली असली तरी. आता मूळ प्रयोगाचा उतारा 73 टक्के असेल, तर त्याला 0.83 ने भागा, 88 येतात. म्हणजे अभिक्रिया 88 टक्क्यांपर्यंत गेली होती. यापुढे तापमान आणि वेळ यांच्याशी झटापट करण्यापेक्षा धुण्याची पद्धत सुधारली तर जास्त फायदा होईल, हे या एका चाचणीने ठरते.

सातवी पायरी : जमाखर्च

आता वहीत दोन बाजू आखाव्यात. नमुन्यादाखल अ‍ॅस्पिरिनचा एक हिशेब मांडतो. अपेक्षित 2.61 ग्रॅम, कोरडे मिळालेले 1.90 ग्रॅम, उतारा 73 टक्के, तूट 0.71 ग्रॅम. गाळून खाली आलेले पाणी आणि धुण्याचे पाणी मिळून 80 मिलिलिटर भरले आणि ते पुरेसे थंड नव्हते, तर त्यात सुमारे 0.24 ग्रॅम. गाळणकागदाचे वजन आधी करून ठेवले होते, वाळल्यावर ते 0.06 ग्रॅमने वाढलेले. शंकुपात्र थोड्या अल्कोहोलने विसळून ते अल्कोहोल वॉच ग्लासवर उडू दिले, तर 0.08 ग्रॅम. एकूण 0.38 ग्रॅम सापडले, 0.33 अजून बेपत्ता.

येथे फेरिक क्लोराइडचा एक थेंब कामाला येतो. सॅलिसिलिक आम्ल असेल तर रंग जांभळा होतो, शुद्ध अ‍ॅस्पिरिन असेल तर होत नाही. गाळलेल्या पाण्यात जांभळा रंग आला, तर बेपत्ता मालाचा काही भाग अ‍ॅस्पिरिन झालाच नव्हता असे समजावे. पण तेवढ्यावर थांबू नये. तोच थेंब स्फटिकांच्या द्रावणातही टाकावा. सॅलिसिलिक आम्लही थंड पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे न बदललेले आम्ल स्फटिकांसोबतच खाली बसते. स्फटिकांनीही जांभळा रंग दिला, तर 1.90 ग्रॅम हे सगळे अ‍ॅस्पिरिन नव्हे आणि 73 टक्के हा आकडाही खरा नव्हे. शुद्ध अ‍ॅस्पिरिन 135 अंशांच्या आसपास वितळते. आपले स्फटिक 125 अंशांपासूनच पाझरू लागले तर तीच तक्रार दुसऱ्या तोंडाने ऐकू येते. शुद्ध केल्यावर वजन घटेल. ते घटलेले वजनच वहीत लिहावे.

शंभराच्या वर गेलेला उतारा

उतारा कमी पडल्यावर मुले खट्टू होतात आणि जास्त आल्यावर खूष होतात, हे उलटे आहे. एका ऑगस्टमध्ये आमच्या एका गटाने 118 टक्के उतारा काढला आणि वहीत दोनदा अधोरेखित केला. बाहेर आठवडाभर पाऊस होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि स्फटिके वर्तमानपत्राच्या कागदावर पसरून दुसऱ्या दिवशी वजन केली होती. त्यांतील पाणी गेलेच नव्हते. तेच स्फटिक डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात, दोन दिवस ठेवल्यावर वजन खाली येत येत 76 टक्क्यांवर स्थिरावले.

तांब्याच्या प्रयोगात याच्या उलट घाई नडते. ओले तांबे लवकर वाळावे म्हणून जाळीवर तापवले की त्याचे काळे कॉपर ऑक्साइड होते आणि वजन वाढते. ते आधी पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन मंद आचेवर वाळवावे. पदार्थ कोणताही असो, वाळला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. वजन करावे, पुन्हा वाळवावे, पुन्हा वजन करावे, आणि लागोपाठच्या दोन वजनांत 0.01 ग्रॅमहून जास्त फरक पडेनासा झाला की तो आकडा घ्यावा. तोपर्यंत गाळलेले पाणी, विसळलेला अल्कोहोल आणि वापरलेला गाळणकागद यांवर चिठ्ठ्या लावून ते कपाटात ठेवावेत. शेवटचे वजन वहीत उतरण्यापूर्वी त्यांतले काहीही बेसिनकडे नेऊ नये.